हँडब्रेकची केबल जाम झाली? जुन्या गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांकडून हँडब्रेकबद्दल तेच ते प्रश्न येतात, फक्त गाडी बदलते. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत पुन्हा भेटेल. हँडब्रेक लागतो का, हे सगळे बघतात. सोडल्यावर केबल पूर्ण परत जाते का, हे फार थोडे बघतात. घोटाळा बहुधा तिथेच असतो.

१. केबल जाम झाली आहे हे ओळखायचं कसं?

तीन तऱ्हा दिसतात. पहिली, हँडल वर येतच नाही किंवा दोन खटक्यांत दगडासारखं घट्ट होतं आणि तरी गाडी उतारावर सरकते. दुसरी, हँडल अगदी सैल, हवेत ओढल्यासारखं वर येतं. म्हणजे केबल तुटली आहे किंवा कुठेतरी निसटली आहे. तिसरी सगळ्यात फसवी: ब्रेक छान लागतो, हँडल खालीही जातं, पण मागचं एखादं चाक घासत राहतं. थोडं फिरून आल्यावर दोन्ही मागच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या (लगेच टेकवू नका). एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट तापली असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

२. गाडी तर कव्हरखाली उभी होती, चाललीच नाही. मग केबल खराब कशी झाली?

चालली नाही म्हणूनच. केबल म्हणजे पोलादी तारांचा पिळलेला दोर (इनर) आणि त्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोलादी नळी (आऊटर). दोघांमधली फट जेमतेम असते. टोकाचं रबर बूट (केबलचं तोंड झाकणारी रबरी टोपी) फाटलं की पाणी आत शिरतं, केबल जिथे सगळ्यात खाली लोंबते तिथे साचतं आणि तिथेच गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे ती फट भरून जाते. वर जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं.

त्यात गाडी हँडब्रेक ओढून ठेवली असेल तर आणखी वाईट. आऊटरच्या बाहेर आलेला इनरचा तुकडा महिनोन्महिने उघडा राहतो आणि खरखरीत होतो. हँडल सोडलं तरी तो तुकडा आत जायला तयार नसतो.

३. दोष केबलचाच आहे, की ड्रमच्या (मागच्या चाकातला ब्रेकचा गोल डबा) आतला? आधी केबल मागवू का?

थांबा. मी एकदा दोन्ही केबल नव्या टाकल्या आणि ब्रेक पूर्वीइतकाच वाईट राहिला. ड्रममधल्या लीव्हरची पिन गंजलेली होती, ती मी बघितलीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक भाग सुटा करून तपासतो.

गाडी स्टँडवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, घेतल्यावर (आधी प्रश्न ४ वाचा) हँडल पूर्ण खाली करा, केबलचा ताण ठरवणाऱ्या ॲडजस्टरचा नट सैल करा आणि चाकाच्या बाजूचं केबलचं टोक लीव्हरमधून काढा. बहुतेक ठिकाणी तिथे स्प्लिट पिन आणि आडवी पिन असते, किंवा टोकाचा गोळा खाचेत अडकवलेला असतो.

आता बॅक प्लेटमागून (ड्रमच्या मागची, न फिरणारी चकती) बाहेर आलेला लीव्हर हाताने दाबा. तो हलून स्प्रिंगने टचकन परत आला, तर ड्रमच्या आतलं काम ठीक आहे. हलला पण आळसावून परत आला, तर शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे कमानदार तुकडे), स्प्रिंग किंवा पिन यांच्यात गडबड आहे. अजिबात हलला नाही तर ड्रम उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग सुटलेली केबल. आऊटरच्या तोंडाशी इनरवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा गुंडाळा आणि कुणाला तरी हँडल हळू ओढून सोडायला सांगा. पट्टी बाहेर आली आणि हाताने हलकं ढकलल्यावर पुन्हा तोंडाशी पोचली, तर केबल चांगली. बाहेर येऊन मध्येच अडकली, तर ती केबल ब्रेक लावते पण सोडत नाही. हीच ती प्रश्न १ मधली तिसरी तऱ्हा.

शेवटी मधला जोड बघा. एका केबलचा ओढा दोन चाकांना वाटून देणारी ती पट्टी किंवा लीव्हर म्हणजे इक्वलायझर. गाडीच्या पोटाखाली चिखल खात तो कायम दुर्लक्षित असतो. तो तिरका अडकला की सगळा ओढा एकाच चाकाला मिळतो.

४. गाडीखाली जाण्याआधी काय काळजी घ्यायची?

हँडब्रेकचंच काम असल्यामुळे गाडी धरून ठेवणारी एक गोष्ट तुम्ही स्वतःच काढून टाकत आहात, हे डोक्यात ठेवा. सपाट, टणक जमीन. पुढच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे. मागचा भाग जॅकने उचला, पण वजन स्टँडवर द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. गाडी एकदा जोरात हलवून बघा आणि मगच आत जा.

दुसरा धोका दिसत नाही. जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये (शूवरचा घासणारा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या नळीने किंवा तोंडाने फुंकू नका, सुक्या ब्रशने झाडू नका. चांगला मास्क लावा, फवाऱ्याने धूळ ओली करा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

५. ड्रमच निघत नाही. हातोडा घालू का?

घालता येतो, पण जागा बघून. आधी हँडल खाली, केबल सैल, आणि शूचा ॲडजस्टर पूर्ण मागे. ड्रमच्या आतल्या कडेला झीज होऊन जी धार उरते तिच्यामागे शू अडकतात. ॲडजस्टर मागे घेतल्याशिवाय कितीही ठोका, उपयोग नाही. बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो.

लायनिंग गंजाने ड्रमला चिकटलं असेल तर चाकाच्या स्टडच्या मधल्या सपाट भागावर लाकडाचा ठोकळा धरून ठोका. कडेवर मारू नका. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो, कडेचा टवका उडतो. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात आणि त्यांना पुलर (ड्रम ओढून काढायचं अवजार) किंवा मोठा पाना लागतो. फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण प्रश्न १४ मध्ये आहे.

६. जाम केबल खरंच मोकळी करता येते? कशी?

इनरचा एकही धागा तुटलेला नसेल आणि आऊटर सरळ, न फुगलेला असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. गाडीवर ठेवून वरवर स्प्रे मारण्यापेक्षा केबल पूर्ण काढून घ्या. काढण्याआधी तिचा मार्ग आणि प्रत्येक क्लिपची जागा यांचे फोटो काढा.

केबल उभी टांगा. वरच्या टोकाला आऊटरभोवती छोटी प्लॅस्टिकची पिशवी उलट्या टोपीसारखी बसवा, तळाला इनरपुरतं भोक ठेवून रबरबँड किंवा टेपने घट्ट बांधा. झाली चाडी (नरसाळं). त्यात गंज सोडवणारं पातळ तेल ओता, खाली डबा ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी डब्यात काहीच नसेल तर घाबरू नका, गंजाची गाठ अजून वाट अडवून आहे. खालचं टोक पकडीत धरून इनर थोडा ढकला, थोडा ओढा. पहिल्यांदा एखादा मिलिमीटर हलेल. ढकलणं ओढण्याइतकंच महत्त्वाचं आहे. नुसतं ओढत राहिलात तर गंजाचा चुरा एका बाजूला दाबून बसतो. इनर त्याच्या पिळाच्या दिशेने किंचित फिरवलाही तरी चालतो, उलट दिशेने मात्र नाही, धागे उकलतात.

मग केव्हातरी डब्यात पहिला थेंब पडतो, चहाच्या काढ्यासारखा काळपट तांबडा. तिथून पुढे काम सोपं. तेल घालत राहा, इनर चालवत राहा, थेंब स्वच्छ येईपर्यंत. दोन-तीन दिवस लागू शकतात. मोटरसायकलच्या क्लच केबलसाठी जी तेल भरायची छोटी क्लॅम्प मिळते ती मापाला बसली तर हेच काम दाबाने, जास्त लवकर होतं.

पातळ तेल हे वाट मोकळी करण्यापुरतं. ते निथळल्यावर आत थोडं जाड तेल किंवा पातळसर ग्रीस गेलंच पाहिजे. परीक्षा शेवटी तीच: टेबलावर आडव्या ठेवलेल्या केबलचा इनर दोन बोटांनी दोन्हीकडे सरकला पाहिजे. पक्कड लागत असेल तर केबल नापास.

७. डब्ल्यूडी-४० मारलं, चार दिवस चाललं, परत जाम. असं का?

नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. १९५३ साली ते त्याच कामासाठी तयार झालं. ओल घालवायला आणि हलका गंज सैल करायला ते चांगलं आहे. पण थर पातळ राहतो, केबलच्या पोटात दीर्घकाळ वंगण म्हणून टिकत नाही. त्यानंतर प्रश्न ६ मधली शेवटची पायरी करायची राहून गेली असणार.

८. टॉर्चने गरम केली तर?

केबल नाही. रबर आणि प्लॅस्टिक जळतं, तारेचा ताव जातो, आणि शेजारी पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असते. ॲडजस्टरचा गंजलेला नट हा एकच भाग असा आहे की सुटा करून, गाडीपासून लांब नेऊन गरम करता येतो. ज्या भागावर क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारला आहे त्याला तर ज्योत दाखवूच नका, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

९. मोकळी करून वापरू की नवीच टाकू?

नवी मिळत असेल तर नवी. जुनी मोकळी करण्यात मजा आहे हे मान्य, पण हा गाडी उतारावर धरून ठेवणारा दोर आहे. एक जरी धागा तुटून काट्यासारखा बाहेर आला असेल, आऊटर एका जागी फुगला, चेपला किंवा मुरडला असेल, टोकाचा गोळा दोरावर किंचितही सरकला असेल, तर विचार करत बसू नका, बदला. फडकं हातात धरून इनरवरून फिरवा. तुटका धागा डोळ्यांआधी फडक्याला सापडतो. उघड्या बोटांनी हा प्रयोग नको.

दोन बाजूंना वेगळ्या केबल असतील तर दोन्ही एकदम बदला. एक जुनी सैलावलेली आणि एक नवी, अशा जोडीचा ताळमेळ कधीच बसत नाही.

१०. माझ्या गाडीची केबल आता बनतच नाही. करून घेता येईल का?

येईल, केबल बनवणारे कारागीर जुन्या नमुन्यावरून करून देतात. जुनी केबल तुकडे झालेली असली तरी फेकू नका, नमुना म्हणून तीच द्या. नुसती "इतकी लांब" म्हणून भागत नाही. आऊटरची लांबी, इनरची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, इनरची जाडी, दोन्ही टोकांचा आकार, आट्यांचं माप आणि आटे किती लांबीवर आहेत, हे सगळं लागतं. यातली कळीची गोष्ट म्हणजे इनर आणि आऊटर यांच्या लांबीतला फरक. तो दहा-पंधरा मिलिमीटरने चुकला तर ॲडजस्टरचे सगळे आटे आधीच संपतात.

टोकं दाबयंत्राने पक्की बसवलेली हवीत. स्क्रूने आवळायच्या दोरखंडाच्या क्लिपा किंवा घरी डाग देऊन बसवलेला गोळा सायकलला ठीक, इथे नाही. इनर स्टेनलेसचा घेतला तरी आऊटर साधं पोलादच असतं, तेव्हा पाणी आत जाऊ न देणं सुटत नाही.

११. नवी केबल बसवताना कुठे चुकतं?

पहिलं, मापात. जुनी आणि नवी शेजारी अंथरून ताडून पाहा, गाडीखाली झोपण्याआधी. दुसरं, मार्गात. केबल एखाद्या बंद नळीतून किंवा खोबणीतून जात असेल तर जुनी ओढून काढण्याआधी तिच्या शेपटीला मजबूत दोरी बांधा. जुनी बाहेर येताना दोरी आत जाते आणि मग नवी त्याच दोरीने ओढून घेता येते. हे विसरलं की संध्याकाळ जाते.

केबल एक्झॉस्टला किंवा प्रॉपेलर शाफ्टला (इंजिनचा जोर चाकांकडे नेणारा फिरता दांडा) टेकत नाही ना, कुठे काटकोनात वळत नाही ना, हे बघा. प्रत्येक क्लिप मूळ जागी लावा. शिवाय मागचा ॲक्सल खाली लोंबतो आणि वर येतो तेव्हा केबल ताणली जाऊ नये. अंतिम ताण म्हणूनच ॲक्सलखाली स्टँड देऊन, सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर असताना ठरवा. चाकं लोंबत असताना केलेलं ॲडजस्टमेंट जमिनीवर आल्यावर बदलतं.

१२. ॲडजस्टमेंट करूनही हँडल खूप वर येतं. केबल अजून आवळू?

नको. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शू झिजले की ड्रमपासूनचं अंतर वाढतं आणि हँडल वर येऊ लागतं. ते अंतर केबल आवळून भरून काढलं की शू कायम थोडे उघडलेले राहतात, आपल्या मूळ टेकूवर परत येत नाहीत, आणि ज्या गाड्यांत शू आपोआप ॲडजस्ट होतात तिथे ती यंत्रणाही बंद पडते.

क्रम उलटा आहे. केबल पूर्ण सैल करा. पायाचा ब्रेक दोन-तीनदा दाबून शू ड्रममध्ये मधोमध बसू द्या. मग ड्रमचा ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा आणि चाक जेमतेम मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. दोन्ही बाजूंना हे झाल्यावर हँडल दोन-तीन खटके वर ओढून केबलचा नट आवळा, दोन्ही चाकं सारखी जड वाटेपर्यंत. चेकनट (पहिला नट सैल होऊ न देणारा दुसरा नट) लावा. हँडल खाली केल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत; पूर्ण ओढल्यावर हाताने फिरता कामा नयेत. एकूण खटके किती हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांत चार ते सातच्या आसपास.

नव्या केबलचे धागे सुरुवातीला थोडे बसतात. हँडल आठ-दहा वेळा जोरात ओढून सोडा, परत तपासा, आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

१३. केबल नवी, ॲडजस्टमेंट बरोबर, तरी एकच चाक धरतं.

इक्वलायझर तपासला असेल (प्रश्न ३) तर व्हील सिलिंडरकडे (पायाचा ब्रेक दाबल्यावर शू ढकलणारा भाग) वळा. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत मागच्या सिलिंडरला एकच पिस्टन असतो आणि अख्खा सिलिंडर बॅक प्लेटच्या खाचेत सरकतो, म्हणजे दोन्ही शूंना जोर मिळतो. खाच गंजली की सिलिंडर जागेवर बसतो आणि एकच शू काम करतो. खाच साफ करून ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावा. तेल किंवा ब्रेक ऑइल गळून लायनिंग ओलं झालं असेल तर मात्र शू बदलण्याला पर्याय नाही.

१४. बीटलमध्ये वेगळं काय?

फोक्सवॅगन बीटलला दोन स्वतंत्र केबल असतात. त्यांचे नट आत, हँडलच्या बुडाशीच मिळतात, तेव्हा ॲडजस्टमेंट गाडीत बसून होतं. केबल मात्र गाडीच्या तळाशी मधोमध असलेल्या बोगद्यातल्या नळ्यांतून मागे जाते, आणि तिचं दुसरं टोक सोडवायला मागचा ड्रम काढावा लागतो. तो धरून असतो ३६ मिलिमीटरचा नट, सुमारे ३०० न्यूटन-मीटरला आवळलेला. स्प्लिट पिन काढून हा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा. स्टँडवरच्या गाडीवर इतका जोर लावला तर ती खाली येईल. परत आवळतानाही गाडी जमिनीवर, आणि स्प्लिट पिन नवी.

१५. जुन्या मिनीत केबल बदलली तरी हँडब्रेक जडच. का?

मागच्या आर्मवर केबलला वळण देणारे पंख्याच्या आकाराचे छोटे तुकडे असतात, क्वाड्रंट म्हणतात त्यांना. त्यांच्या पिना गंजून ते फिरायचे थांबतात आणि केबल त्यांच्यावरून घासत जाते. नवी केबलही मग लवकर झिजते. ते काढा, पिना साफ करा, ग्रीस लावा आणि बोटाने फिरतील असे करूनच परत बसवा. केबलपेक्षा जास्त वेळ या दोन तुकड्यांना लागतो.

१६. माझ्या गाडीत मागच्या चाकांकडे केबलच जात नाही!

मग हँडब्रेक बहुधा प्रॉपेलर शाफ्टवर आहे. जुन्या विलीज जीपमध्ये आणि सिरीज लँड रोव्हरमध्ये ट्रान्सफर बॉक्सच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी) मागे एकच ड्रम असतो. लँड रोव्हरमध्ये तर तो केबलऐवजी दांड्यांनी चालतो. अशा गाडीचं एकच मागचं चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच) ते चाक उलट फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते. ठोकळ्यांशिवाय जॅक लावू नका. चालत्या गाडीतही तो ओढू नये, सगळा झटका शाफ्ट आणि सांध्यांवर जातो.

सित्रोएन टू-सीव्ही आणि साब ९९ यांचा हँडब्रेक पुढच्या चाकांवर असतो. तिथे पुढचा भाग उचलताना ठोकळे मागच्या चाकांना.

१७. मागे डिस्क ब्रेक असतील तर हीच पद्धत?

केबलपुरती हीच. केबलच्या टोकाची यंत्रणा वेगळी असते: जॅग्वार ई-टाइपमध्ये हँडब्रेकसाठी स्वतंत्र छोटे कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून दाबणारे भाग) असतात, जुन्या पोर्शे ९११ मध्ये डिस्कच्या पोटात लहान ड्रम. दोष शोधण्याचा क्रम प्रश्न ३ प्रमाणेच.

१८. हँडल ओढलं की तिथे राहतच नाही, बटण दाबल्याशिवाय. रॅचेट (हँडल अडकवणारे खटक्याचे दाते) गेलं का?

गाडी जुनी स्पोर्ट्स असेल, उदाहरणार्थ एमजी टी मालिकेतली, तर तो दोष नाही. त्या प्रकाराला फ्लाय-ऑफ म्हणतात: ओढून बटण दाबलं की अडकतो, जरा जास्त ओढला की सुटतो. साध्या हँडलमध्ये असं होत असेल तर खटक्याचे दाते झिजले आहेत. ते कानशीने टोकदार करून चालवू नका, भाग बदला.

१९. परत जाम होऊ नये म्हणून काय करावं?

फाटलेली रबर बूट लगेच बदला. आऊटरवर मध्येच ग्रीस निपल असेल (बऱ्याच जुन्या केबलना असतं, मातीखाली लपलेलं) तर सर्व्हिसला टोकातून ताजं ग्रीस दिसेपर्यंत पंप करा. आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या नव्या केबलला मात्र तेल-ग्रीस घालू नका, धूळ धरून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाटीवर, हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये आणि चारही ठोकळे लावून ठेवा. अधूनमधून हँडल ओढून सोडत राहा.

२०. रस्त्यातच अडकला, हँडल खाली पण चाक सुटेना. आता?

ओढत नेऊ नका, लायनिंग जळेल. चाकांना दगड लावा. हँडल दोन-तीनदा पूर्ण ओढून झटक्यात सोडा, मग थोडं पुढे, थोडं मागे घेऊन बघा. नुसतं चिकटलेलं लायनिंग बहुधा एवढ्यावर 'टक्' करून सुटतं. नाही सुटलं आणि केबलचा नट आतून, हँडलपाशी असेल तर तो सैल करा. नट गाडीच्या पोटाखाली असेल आणि स्टँड जवळ नसेल तर जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, मदत मागवा. नट सैल करून सुटलं तर गाडीला आता पार्किंग ब्रेक नाही. थांबाल तिथे गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा, आणि घरी पोचल्यावर प्रश्न ३ पासून सुरुवात करा.